व्हर्सायच्या दारात थोरली जाऊ

मी सूड धरून ठेवणारी बाई आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मुलांना क्षमा आणि शांती शिकवली. रोज सकाळी प्रार्थनेला हात जोडून, डोळे मिटून उभी राहिले, आणि त्या मिटल्या डोळ्यांमागे बऱ्याचदा माझी थोरली जाऊ असायची. मुलांना वाटायचं, बाई किती तल्लीन झाल्या आहेत.

आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. जळगावात मेहरूणला तलावाच्या अलीकडे आमचं घर आहे, खाली ती, वर आम्ही. सासू लवकर गेली, त्यामुळे मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या किल्ल्या अक्काच्या कमरेला होत्या. आज दीर नाहीत, तिचा मुलगा पुण्याला असतो, घरात कुलूप लावण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी किल्ल्या अजून तिच्याच कमरेला आहेत. ती मेली तर त्या किल्ल्यांसकट जाईल असं मी नवऱ्याला म्हणते. तो ऐकू न आल्यासारखं करतो.

अक्काला एकच वेड, झाडांचं. तेलाच्या डब्यांत गुलाब, फुटक्या टपात मोगरा, आणि फाटकापासून ओट्यापर्यंत मेंदीचं कुंपण. फार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका खतवाल्याचं कॅलेंडर आलं होतं. त्यात एका महिन्याला व्हर्सायच्या राजवाड्याची बाग होती. हिरव्या गालिच्यावर कुणी विणकाम करावं तशी कापलेली झुडपं, मधे गोल हौद. वर्ष संपलं, अक्काने ते पान फाडून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलं. त्यावर फोडणीचे शिंतोडे उडून आकाश पिवळं पडलं, पण पान हललं नाही. ती शिवणाची कात्री घेऊन तासन् तास मेंदीसमोर बसायची आणि त्या चित्रातल्यासारखे कोन, गोळे कापायची. कात्री बोथट झाली की मला विचारायची, कपडा कापला का गं तू हिने. आणि फुलाला हात लावायची मला सोय नव्हती. देवाला वाहायचं फूलसुद्धा ती तोडून देई.

माझी मुलगी लग्न होऊन पॅरिसजवळ राहायला गेली. तिचा अक्कावर फार जीव, तिला ती मोठी आई म्हणते. मागल्या वर्षी अक्काच्या एका डोळ्याची नजर काचबिंदूने गेली. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, जे बघायचं असेल ते बघून घ्या. मुलीला हे कळलं तसा तिने धोशाच लावला, आई तू येच, आणि मोठ्या आईला घेऊन ये, आपण तिला ती कॅलेंडरातली बाग दाखवू.

मी लगेच हो म्हटलं. एवढ्या पटकन हो म्हटलं की नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं बायको म्हातारपणी निवळली.

आता मूळ गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे आखाजी. देशावरचे लोक तिला अक्षय्यतृतीया म्हणतात, सोनं घेतात, आंब्याचा रस खातात आणि झोपतात. आमच्या खान्देशात आखाजी हा सासुरवाशिणीचा सण. दिवाळी चुकली तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. गावात झाडाझाडाला झोके बांधलेले असतात, बाया गौराईची गाणी म्हणत उंच झोका घेतात, शेजारच्या गावच्या बायांना गाण्यातून शिव्या घालतात, आणि त्या चार दिवसांत त्यांना कुणी काही बोलत नाही. वर्षभर दबलेलं सगळं त्या झोक्यावर निघून जातं.

माझं माहेर पारोळा. जळगावाहून एरंडोलवरून एसटीने दीडेक तास. वडील नव्हते, भाऊ नव्हता, फक्त आई. अक्काचं माहेर धुळ्याच्या पलीकडे.

आता आखाजीला आमच्या घरच्या लेकी, म्हणजे तिन्ही नणंदा, मेहरूणला यायच्या. त्यांना पुरणाचे मांडे लागायचे. मांडा म्हणजे आमची खापरावरची पोळी. हातावर फिरवून फिरवून हातभर मोठी करायची आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. शिवाय पितरांची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, नैवेद्य करायचा. म्हणजे दोन सुनांपैकी एकीने घरी थांबायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला अक्का पिशवी भरून तयार झाली आणि मला म्हणाली, "घर कोनी तरी ऱ्हावाले जोयजे ना."

घरी कुणीतरी राहायला हवं ना. मी राहिले. मला वाटलं, पुढल्या वर्षी माझी पाळी. पुढल्या वर्षी तेच वाक्य आलं. तिसऱ्या वर्षी मी धीर करून म्हटलं, अक्का, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष मी, असं करू या का? ती हसून म्हणाली, "तुनं माहेर तं जवय शे. कव्हयबी जाशी." तुझं माहेर जवळ आहे, कधीही जाशील. उगाच खोटं कशाला बोलू, दिवाळीत मी दोन दिवस जाऊन यायची. पण दिवाळीत झोका नसतो. आखाजीला शाळेला सुट्टी असायची, मला काही अडचण नव्हती, आणि अकरा वर्षं मी आखाजीला खापरासमोर बसून नणंदांना मांडे वाढले.

आणि खरी आग पुढेच आहे. धुळ्याची एसटी पारोळ्यावरून जाते. दिवाळीत गेले की पुढचं मला आई सांगायची. दर वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी माझी आई पारोळ्याच्या स्टँडवर, पाण्याच्या टाकीजवळ येऊन बसायची. लेक या गाडीत असेल, म्हणून. गाडी थांबायची, खिडकीत अक्का दिसायची. आई विचारायची, पोरगी नाही का आली? अक्का खिडकीतून सांगायची, "यंदा नही, पुढला साल धाडसू." आई बरं म्हणायची, आणि माझ्यासाठी आणलेली शिदोरी अक्काच्या हातात द्यायची. वाटेत भूक लागेल, तू खा बाई, म्हणायची. तिच्या अंगणातल्या कडुलिंबाला तिने झोका बांधलेला असायचा. शेजारच्या पोरी त्यावर झोके घ्यायच्या.

अकराव्या वर्षी आईने स्टँडवर अक्काला निरोप दिला. माझा जीव बरा नाही, चार दिवसांनी का होईना, लेकीला पाठवा. अक्का माहेरी पाच दिवस राहून परत आली. आईने दिलेल्या बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, तिने माझ्या हातात ठेवल्या. निरोप ठेवला नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी आई गेली. दहाव्याला आईची शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझ्या जावेला सांगितलं होतं ना गं तुझ्या आईने, मी तिथेच होते, मग तू का आली नाहीस? अक्का त्या वेळी लांब बायांच्या घोळक्यात बसून डोळ्याला पदर लावत होती.

घरी कुणाला मी हे कधी सांगितलं नाही. नवऱ्याला सांगून काय उपयोग, त्याची वहिनी म्हणजे त्याला आईच्या ठिकाणी. मी शाळेत जात राहिले, मांडे करत राहिले, आणि वाट बघत राहिले. माझ्या सुडाला फार मोठं काही नको होतं. तिला एकदा दारात बसवायचं होतं, एवढंच.

पॅरिसला गेल्यावर मुलीने विचारलं, बागेला कुठल्या दिवशी जाता? मी दिनदर्शिका बघून दिवस सांगितला. तिला काही कळलं नाही, तिथे इतकी वर्षं राहणाऱ्यांना तिथी कशी कळणार. तो आखाजीचा दिवस होता.

अक्काला मात्र कळलं. त्या दिवशी सकाळी तिने मुलीच्या स्वयंपाकघरात काचेच्या भांड्यात पाणी भरलं, त्यावर वाटीएवढं खरबूज ठेवलं, ते सारखं घसरत होतं म्हणून खाली रुमालाची चुंबळ केली आणि पितरांना हात जोडले. मग पहाटेपासून केलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, भरीत आणि मिरचीचा ठेचा डब्यात भरला. वांगी तिथली होती, काळी, गुळगुळीत. भाजल्यावर पाणी सुटलं, तेव्हा तिने त्या देशाला दोन शब्द सुनावले. आमच्या दोघींत तीन थैल्या झाल्या. एकीत डबा, एकीत पाणी आणि छत्री, एकीत अक्काचा स्वेटर आणि कशाला लागेल कोण जाणे म्हणून घेतलेली चादर.

मुलीला कामावर जायचं होतं. तिने आम्हाला गाडीत बसवून दिलं आणि मला बजावलं. शेवटचं स्टेशन आहे, चुकायचं कारणच नाही. बागेची दोन तिकिटं तुझ्या मोबाईलमध्ये आहेत, दारावर दाखव. थैल्या आत नेता येतात, फक्त उघडून दाखवाव्या लागतात. मी मान डोलावली. थैल्यांचं वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं, म्हणजे नीट लक्षात राहील.

व्हर्साय हे गावही छान आहे. मला वाटलं होतं राजवाडा तेवढा असेल, पण रुंद रस्ते, दोन्हीकडे झाडांच्या रांगा, सावलीत बाकं. आम्ही आधी बाजारात गेलो. घाई नव्हती, दिवस सगळा आमचा होता. अक्का भाजीच्या प्रत्येक ठेल्यासमोर थांबली, मुळ्याची जुडी उचलून वास घेतला, एका बाईने तिला स्ट्रॉबेरी चाखायला दिली. एका डोळ्याने ती सगळं इतकं जवळ नेऊन बघत होती की तिला चष्मा देऊ की माफी देऊ, असं मला क्षणभर वाटलं. चष्मा तिच्याकडे होता. मी पुढे चालू लागले.

राजवाड्यासमोर फरसबंदीचं मोठं मैदान आहे, त्याच्या पलीकडे सोनेरी दरवाजा. ते सोनं उन्हात इतकं चमकत होतं की अक्काने कपाळावर हात धरला. "बाप रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बगीचा कथा शे?"

मी म्हटलं, मागे आहे. तुम्ही इथे बसा, मी बघून येते कुठून जायचं ते. बाजूला एक दगडी कठडा होता, त्यावर तिला बसवलं. रांगेपर्यंत गेले. लोक थैल्या उघडून दाखवत होते आणि आत जात होते. एक बाई तर सुटकेसएवढी पिशवी घेऊन होती, तिला तेवढं बाजूला घेतलं. मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले, एवढंच. कुणाला काही विचारलं नाही. मग परत आले आणि एका पाटीकडे बोट दाखवलं. त्या पाटीवर काय लिहिलं होतं देव जाणे, मला फ्रेंच येत नाही.

"अक्का," मी म्हटलं, "थैल्या आत नेऊ देत नाहीत. आणि इथे टाकून जाता येत नाही, पोलीस उचलून नेतात."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"कोनी तरी ऱ्हावाले जोयजे ना," मी म्हटलं.

तिच्याच बोलीत म्हटलं. तीस वर्षं मी ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. सुटल्यावर दात मोकळे झाल्यासारखं वाटलं. अक्काने एकदा थैल्यांकडे बघितलं, एकदा सोनेरी दरवाजाकडे, आणि तिन्ही थैल्या पायाजवळ ओढून घेतल्या. "जाय तू," म्हणाली. "बठ्ठं पाहीन ये." सगळं बघून ये.

आणि मी गेले. मला वाईट वाटलं का? नाही. मी लिहायला बसले आहे तर खरं लिहीन. आत पाऊल टाकलं तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की वयाचा विसर पडला.

बाग म्हणजे काय बाग! पायऱ्यांच्या वर उभं राहिलं की खाली सगळं पसरलेलं. कॅलेंडरातलं तेच विणकाम, पण डोळ्यांत मावत नाही एवढं. झुडपं अशी कापलेली की एक पान रांगेबाहेर नाही. शाळेच्या प्रार्थनेला मी मुलांना कधी असं उभं करू शकले नाही. मी प्रत्येक ताटव्यापाशी थांबले. वाकून बघितलं, मातीजवळ काळी नळी होती, आमच्या जळगावच्या केळीच्या बागांत असते तशीच, थेंब थेंब पाणी सोडणारी. राजाच्या फुलांना आणि आमच्या केळीला एकच नळी! अक्काला हे कळलं असतं तर महिनाभर पुरलं असतं तिला. मी मुद्दाम ती नळी पुन्हा एकदा बघितली.

एक माळी शिडीवर उभा राहून कोनाच्या आकाराचं झाड कापत होता. हातात लांब कात्री, झाडाच्या शेंड्यापासून खाली दोरा बांधलेला, त्या दोऱ्याच्या रेषेत तो वरून खाली कापत येत होता. म्हणजे असं करतात तर! अक्का इतकी वर्षं नजरेने कापत होती, म्हणून तिचे कोन वाकडे यायचे. मी त्या माळ्यासमोर अर्धा तास उभी राहिले. मला झुडपांत काडीचा रस नाही. पण तिला जे बघायचं होतं ते सगळं मी तिच्या नावाने पोटभर बघत होते, आणि ती बाहेर थैल्या राखत होती.

खाली उतरल्यावर एक कारंजं लागलं, चढत्या गोल पायऱ्यांचं. त्यावर बेडूक बसलेले, सोनेरी, तोंडं उघडी, आणि काही माणसं अर्धी बेडूक झालेली. एक गुजराती मंडळ तिथे उभं होतं, त्यांचा वाटाड्या गुजरातीत सांगत होता. आमच्या खान्देशी कानाला गुजराती कळतं. मी हळूच मागे जाऊन उभी राहिले. गोष्ट अशी की एक आई आपली दोन लेकरं घेऊन तहानलेली त्या तळ्यावर आली. गावच्या लोकांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही, पाय घालून गढूळ केलं. तेव्हा तिने शाप दिला आणि सगळा गाव बेडूक झाला. मंडळातल्या बाया चुकचुकल्या. "बरं झालं," मी म्हणाले, मोठ्याने. एका बाईने वळून बघितलं.

मग मी आइस्क्रीम घेतलं. लांब पाण्याच्या कालव्याकाठी गवतात बसले. लोक होड्या वल्हवत होते, एक म्हातारा टोपी तोंडावर ठेवून झोपला होता. मी चपला काढल्या, पाय पसरले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आखाजीला मी काही रांधलं नव्हतं. कारंजी सुरू झाली, कुठून तरी वाजंत्री वाजायला लागली, पाणी उंच जाऊन तुटून खाली येत होतं. माझ्या डोक्यावर एका फांदीला दोर बांधून एक पोरगी झोका घेत होती. खोटं कशाला सांगू, झोका नव्हता. मला हवा होता म्हणून लिहिला. फांदी रिकामीच होती.

त्या रिकाम्या फांदीने थोडा बेरंग केला. बेडकांच्या कारंजावरची आई आठवली. तिने शाप दिला. माझ्या आईने कधी कुणाला शाप दिला नाही. उलट खिडकीतून शिदोरी दिली, तीही जिने लेक आणली नाही तिलाच. आईचा मला तेव्हाही राग यायचा, आताही आला. मी उठले, साडी झटकली आणि आणखी दोन तास फिरले.

बाहेर आले तेव्हा साडेचार वाजले होते. बाग बंद व्हायला अजून बराच वेळ होता. दुसरं तिकीट मोबाईलमध्ये तसंच होतं.

अक्का त्याच कठड्यावर होती. ऊन फिरलं होतं, तिच्या तोंडावर येत होतं, तरी ती सरकली नव्हती. चादर डोक्यावरून घेतलेली, तिन्ही थैल्यांचे बंद एका हातात गुंडाळलेले. डबा उघडलेलाही नव्हता. मी जवळ गेले तरी ती दरवाजाकडेच बघत होती.

"मनासारखं व्हयनं का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काय?"

"एक डोयानं का व्हयेना, दिसस माले. बठ्ठा लोके थैल्या लई लई मझार जातस."

एका डोळ्याने का होईना, मला दिसतं, सगळे लोक थैल्या घेऊन आत जातात. ती हे रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तयारी करून ठेवली होती, तीस वर्षांची. पण ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

"मग मुलीला फोन का नाही केलात?" मी विचारलं.

"काय सांगू तिले? तुनी मायनं माले बसाडं?" तिने डोक्यावरची चादर खाली घेतली आणि घडी घालायला लागली. ती नीट होईना, कारण हातात बंद होते. "तुनी माय बी अशीच बसे. टाकीजवय. गाडी ऊनी का उभी ऱ्हाये."

गाडी आली की आई उभी राहायची.

"तिनं निरोप दिधा व्हता," अक्का म्हणाली. "मी सांगा नही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ती माझ्याकडे वळली. इतकी वर्षं मला माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिचा चांगला डोळा माझ्या तोंडावर इकडून तिकडे फिरला. मग तिने कारण सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. निरोप सांगितला असता तर तू लगेच गेली असतीस. नणंदा अजून घरी होत्या, आणखी चार दिवस राहणार होत्या. मला मांडा येत नाही, फाटतो. तुला चांगला येतो. म्हटलं, त्या गेल्या की सांगेन. मग विसरले. मग तुझी आई गेली, मग कसं सांगू.

एवढ्यासाठी. पोळी फाटते म्हणून. मला वाटत होतं, कुठलं तरी मोठं वैर असेल.

तिने मान वळवून पुन्हा दरवाजाकडे बघितलं, आणि या वेळी विचारलं नाही, पण तोंडावर दिसत होतं. वेळ होता. तिकीट होतं. थैल्यांचं खोटं संपलं होतं. तिचा हात धरून मी तिला पायऱ्यांच्या वर नेऊन उभी केली असती तर तिला सगळं दिसलं असतं, विणकाम, हौद, शिडीवरचा माळी. पुढल्या वर्षी तो डोळा असेल की नाही, हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"यंदा नही, अक्का," मी म्हटलं. "पुढला साल ईसूत."

तिने ते वाक्य ओळखलं. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की ओळखलं. ती म्हणाली, "बरं."

मग तिने थैलीत हात घालून डबा बाहेर काढला, पदराने पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"दिवसभर फिरनी. भूक लागनी व्हई," ती म्हणाली. "तू खाई ले."

मी डबा घेतला. तिच्याशेजारी कठड्यावर बसले आणि ती कळण्याची भाकरी, ते पाणी सुटलेलं भरीत, सगळं खाल्लं. अक्का माझ्याकडे न बघता, गाडी यायची आहे अशी, समोर दरवाजाकडे बघत होती.